चित्र सर्वांचे, चेहरा कोणाचा?

दुर्गम भागातील आरोग्यसेवेचा प्रश्न निघाला की चर्चा बहुधा डॉक्टरांच्या संख्येपाशी येऊन थांबते. हे डॉक्टर काय पाहून शिकतात, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. २०१५ साली चंद्रपूरला आणि २०२४ साली गडचिरोलीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु क्ष-किरण चित्रे, रक्ताच्या काचपट्ट्यांची छायाचित्रे, हृदयाच्या ठोक्यांचे ध्वनिमुद्रण, शस्त्रक्रियेच्या चित्रफिती ही अध्यापनाची सामग्री वर्षानुवर्षांच्या कामातूनच साचते. नव्या महाविद्यालयापाशी ती कोठून असणार? अनेक महाविद्यालयांनी मिळून संगणकावर तिचा सामायिक कोश करावा, हा त्यावरील स्वाभाविक उपाय आहे.

विहिरीचे पाणी एकाने उपसले तर दुसऱ्याला कमी पडते. ठोक्यांचे मुद्रण हजारांनी ऐकले तरी झिजत नाही. मग अशा कोशाला कुलूप कशासाठी? उत्तर असे की, चित्र झिजत नसले तरी ज्याचे ते चित्र आहे त्याची अब्रू झिजू शकते.

राजुरा तालुक्याचे उदाहरण घ्यावे. पूर्व विदर्भात सिकलसेल हा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. विळ्यासारख्या वाकलेल्या रक्तपेशीचे छायाचित्र कोणीही पाहावे. त्या पेशीला नाव नाही, गाव नाही. वेदनेने तळमळणाऱ्या मुलाच्या चित्रफितीत मात्र चेहरा असतो. आणि त्याच्या कुटुंबाची वंशावळ दाखविणारा तक्ता, नावे पुसली तरी, अख्ख्या घराची ओळख सांगतो. कोलामांच्या लहानशा गुड्यावर दोन मुलगे, एक मुलगी आणि अकाली गेलेला चुलता एवढे सांगितले की घर कोणते हे कळते. तेथे प्रश्न सोयरिकीचा असतो. तक्ता फुटला तर उद्या त्या मुलीचे लग्न अडेल.

वैद्यकीय नीतिनियमांनी २००२ सालीच रुग्णाची ओळख पटेल असे छायाचित्र त्याच्या परवानगीवाचून प्रसिद्ध करण्यास मनाई केली. मात्र ओळख उघड होणार नसेल तर संमतीची गरज नाही, असेही तोच नियम म्हणतो. महानगराच्या गर्दीत हे गृहीत चालून जाते. गुड्यावर ते टिकत नाही.

मोठ्या देशांतही ते टिकलेले नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने १९९४ साली एका पुरुषाच्या संपूर्ण देहाच्या एकेक मिलिमीटर अंतरावरील छेदांची चित्रे अभ्यासकांना खुली केली. ग्रंथालयाने नाव सांगितले नव्हते. तरी तो १९९३ साली टेक्सासमध्ये देहदंड झालेला जोसेफ जर्निगन होता, हे बातमीदारांनी शोधून काढले. देहदान करणाऱ्याला आपण जगभर पाहिले जाऊ याची कल्पना असणे कठीण होते.

म्हणून प्रवेशाच्या पायऱ्या ठरविणे अगत्याचे आहे. पेशी, हाडे, ठोके, आकृत्या सर्वांना खुल्या असाव्यात. चेहरा नसलेली रुग्णचित्रे नोंदणी केलेल्या विद्यार्थ्यांना मिळावीत. चेहरा, वंशावळ वा गावाची खूण असलेली सामग्री अध्यापकाच्या जबाबदारीवर, वर्गापुरती दाखवावी. ती कोणी, केव्हा पाहिली याची नोंद राहावी. एकच परवलीचा शब्द साऱ्या वर्गात फिरत असेल, तर त्या नोंदीला अर्थ उरत नाही.

याच्या उलट धोकाही तितकाच खरा आहे. कुलपाची सवय लागली की जे खुले असावे तेही बंद होते. त्या अमेरिकी ग्रंथालयाने परवान्याची अट २०१९ साली काढून टाकली, ती उगीच नव्हे. कोश केवळ महाविद्यालयांच्या आवारात अडकून पडला, तर राजुऱ्याच्या सरकारी दवाखान्यातील परिचारिकेला विळ्याच्या आकाराची पेशी पाहावयास मिळणार नाही. रुग्ण तर आधी तिच्यापाशीच येतो.

राहता राहिली संमती. राजुरा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. तेलुगू, गोंडी, कोलामी या भाषा तेथे घरोघर बोलल्या जातात. इंग्रजी कागदावर घेतलेल्या अंगठ्याला संमती म्हणणे ही आत्मवंचना होय. चित्र कोण पाहणार, कोठे जाणार, हे रुग्णाला त्याच्या भाषेत सांगितले पाहिजे. दिलेली संमती मागे घेण्याचा हक्क २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मान्य केला आहे; कोशातून चित्र काढून टाकण्याची सोय नसेल, तर तो हक्क कागदावरच राहील.

कोशाची किंमत यंत्रसामग्रीच्या खर्चात मोजली जाते. पण त्याचे खरे भांडवल गरीब रुग्णाचा विश्वास हे आहे, आणि ते एकदा बुडाले की कोणतेही अनुदान ते भरून काढू शकत नाही.