बंदी कागदावर, पुडी खिशात

महाराष्ट्रात गुटखा जुलै २०१२ पासून बंद आहे. आदेश वर्षापुरता असतो, म्हणून दरवर्षी नवा निघतो. अमरावतीत आमच्या मोहल्ल्यात मात्र पुडी कधी थांबलीच नाही; ती फक्त काउंटरखालून येते आणि छापील किमतीपेक्षा महाग पडते. बंदीचा भुर्दंड बसतो तो घरखर्चाला. खर्रा तर सर्वांदेखत घोटला जातो.

२०१९ मध्ये केंद्राने ई-सिगारेट बंद केली. विकणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. विडी-सिगारेट मात्र राजरोस! पोरे विचारतात, "अब्बा, मग तुमची विडी कशी चालते?" काय सांगावे?

आमचा राग बंदीवर नाही, अर्धवट बंदीवर आहे. रमजानमध्ये हीच माणसे तेरा-चौदा तास तंबाखूविना काढतात आणि इफ्तारनंतर पुडी फोडतात. सोडणे अशक्य नाही, पण त्या घडीला हात धरणारे कोणी हवे. सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. क्रमांक पाकिटावर छापलेला असतो. सुटी सिगारेट-विडी विकायलाही राज्याने २०२० मध्ये मनाई केली, तरी पानठेल्यावर ती सुटीच मिळते. पाकीटच हाती न येणाऱ्याला तो क्रमांक दिसणार कुठून?