वेशीपर्यंत सामोरं

पावसाळ्यात कुरुंदवाडला कुणी कुणाची खुशाली विचारत नाही, आकडा विचारतात. "राजारामला किती?" कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 वर धोका. तिथलं पाणी आमच्या घाटाच्या कितव्या पायरीला लागणार, याचा अंदाज इथल्या शाळकरी पोरालाही असतो. ऑगस्ट 2019 मध्ये हा आकडा 55 च्या वर गेला आणि शिरोळ तालुक्यातल्या कितीतरी गावांची बेटं झाली.

त्या आठवड्यात शाळेतल्या निवारा केंद्रात ओळखीच्या एक बाई भेटल्या. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकलेल्या, आता निवृत्त. गाव त्यांना सिस्टरच म्हणतं. परातीत कणीक मळत बसल्या होत्या. मी उगीच छेडलं, "सिस्टर, तुमच्या पुस्तकात जगाचा शेवट असाच आहे ना?" हात न थांबवता त्या म्हणाल्या, "मत्तयचा चोविसावा. नोहाचा पूर आहे त्यात. पोरं म्हंत्यात, पुरात वाचू नको, भ्या वाटतंय. मला त्यातली जात्यावरची बाई आठवती. येणारा आला तवा ती दळतच हुती की. देवळात जाऊन न्हवती बसली."

(देवळात म्हणजे चर्चमध्ये. आपल्याकडच्या जुन्या ख्रिस्ती घरांत हा शब्द सहज वापरतात.)

घरी आल्यावर बायबलातला तो अध्याय काढून पाहिला. येशू शिष्यांना आपल्या परत येण्याविषयी सांगतो आहे. दोघी जात्यावर दळत असतील. एक घेतली जाईल, दुसरी मागे राहील. तो दिवस, ती घटका कुणालाही ठाऊक नाही, देवदूतांनाही नाही. थोडक्यात, त्या दिवसासाठी राजाराम बंधारा नाही. तरीही गेली दोन हजार वर्षं माणसं तो आकडा काढू पाहत आली आहेत, आणि या खटाटोपाचा एक धागा आमच्या कोल्हापुरातून जातो.

आधी शब्द पाहू. मराठी ख्रिस्ती लेखनात या श्रद्धेला द्वितीयागमन किंवा पुनरागमन म्हणतात. क्रुसावर मेलेला आणि तिसऱ्या दिवशी उठलेला येशू पुन्हा येईल, मेलेले उठतील, न्याय होईल आणि सृष्टी नवी होईल, असा तिचा गाभा. नव्या करारात त्यासाठी 'पारुसिया' हा ग्रीक शब्द येतो. त्याचा साधा अर्थ हजर असणं, येणं. पण त्या काळच्या ग्रीक शहरांत तो राजाच्या किंवा सम्राटाच्या स्वारीसाठीही वापरत. स्वारी येणार म्हणून नाणी पाडली जात, रस्ते दुरुस्त होत आणि प्रजेकडून खास पट्टी वसूल होई. संस्थानी मुलखातल्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. कुरुंदवाडला 1948 पर्यंत पटवर्धनांचं राज्य होतं, त्यातही थोरली पाती आणि धाकटी पाती. राजा यायचा म्हणजे काय, हे इथल्या जुन्या वाड्यांच्या भिंतींना विचारावं.

या शब्दाचा दुसरा जोडीदार त्याहून मोलाचा. प्रेषित पौलाने थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती लोकांना इसवी सन 50 च्या सुमारास पत्र लिहिलं. नव्या करारातलं ते बहुधा सर्वांत जुनं लिखाण. त्या लोकांना घोर पडला होता की प्रभू येण्याआधी आपली जी माणसं गेली, त्यांचं काय? पौल सांगतो, मेलेले आधी उठतील, मग जिवंत असलेले आपण त्यांच्यासह मेघांत प्रभूला सामोरे जाऊ. या 'सामोरे जाण्या'साठी त्याने वापरलेला शब्द 'आपांतेसिस'. मोठा माणूस येतो तेव्हा नगराचे लोक वेशीबाहेर जाऊन त्याला भेटतात आणि मानाने आत घेऊन येतात, त्या रिवाजासाठी हा शब्द रूढ होता.

पालखी येते तेव्हा आपण दुसरं काय करतो? टाळ-मृदंग घेऊन वेशीपर्यंत जातो आणि पालखीला गावात आणतो. पालखीबरोबर गाव सोडून पळून जायला कुणी वेशीवर जात नाही. माझ्या मते द्वितीयागमनाचं सगळं मर्म या एका फरकात आहे. ही आशा पृथ्वीवरून सुटण्याची आहे, की येणाऱ्याला पृथ्वीवर आणण्याची? 1830 च्या दशकात आयर्लंडकडच्या जॉन नेल्सन डार्बीने पहिली बाजू धरली: विश्वासणारे आधी गुपचूप उचलले जातील, मागे राहिलेल्यांवर संकटं कोसळतील. 1909 च्या स्कोफील्ड बायबलच्या टिपांनी हे मत जगभर नेलं, आणि आजही अनेक मंडळ्यांत ते ठामपणे शिकवलं जातं. पौलाच्या शब्दाला मात्र वेशीचा वास आहे, आणि मला तोच खरा वाटतो. पुढच्या पत्रात तो आणखी खडसावतो. प्रभू आता येणारच म्हणून काही जण कामधंदा सोडून बसले होते. काम न करणाऱ्याने खाऊही नये, असं त्याने त्यांना सुनावलं.

आता आकडा काढणारे. न्यूयॉर्क राज्यातला, व्हरमाँटच्या सीमेलगत राहणारा शेतकरी विल्यम मिलर याने बायबलातल्या दानीएलाच्या पुस्तकावरून गणित मांडलं. त्यावरून त्याच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 हा दिवस ठरवला. काहींनी शेतातलं पीकही कापलं नाही. दिवस उगवला, मावळला. त्या फजितीला इतिहासात 'महानिराशा' असं नाव पडलं. तिच्यातून सावरलेल्यांपैकी काहींनी पुढे सेव्हन्थ डे ॲडव्हेन्टिस्ट पंथ उभा केला. पंथाच्या नावातच आगमन आहे, पण तारीख त्यांनी पुन्हा दिली नाही. शाळा आणि दवाखाने काढले. त्यांचं स्पायसर महाविद्यालय 1942 मध्ये पुण्याला आलं.

याच मिलरच्या शेजारमुलखातला, व्हरमाँटचा मिशनरी रॉयल गूल्ड वाइल्डर 1846 मध्ये हिंदुस्थानात आला आणि 1852 मध्ये कोल्हापुरात उतरला. मिलरशी त्याचा संबंध नव्हता. त्याचा ध्यास शाळा हा होता, आणि त्यावरून त्याचं आपल्याच अमेरिकन मिशन बोर्डाशी वाजलं. बोर्डाचा रुफस अँडरसन म्हणे, शाळा कशाला, सुवार्ता सांगा. बोर्डाने कोल्हापूर सोडलं. वाइल्डर स्वतःच्या हिमतीवर परतला आणि 1870 मध्ये काम प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं. कोल्हापूरचं वाइल्डर मेमोरियल चर्च त्याचंच नाव सांगतं.

त्याचा मुलगा रॉबर्ट. जन्म कोल्हापूरचा, 1863 चा. 1886 च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन इथे अमेरिकन सुवार्तिक मूडीच्या शिबिरात हा अबोलसा तरुण एकेका विद्यार्थ्याला गाठून बोलत राहिला, आणि शिबिर संपताना 100 जणांनी परदेशी मिशनसाठी नाव दिलं. त्यातून स्टुडंट व्हॉलंटिअर चळवळ उभी राहिली. तिचं ब्रीद होतं, याच पिढीत साऱ्या जगाला सुवार्ता. या घाईमागे मत्तयचा तोच चोविसावा अध्याय होता. त्यात म्हटलं आहे की सुवार्ता सर्व राष्ट्रांत गाजवली जाईल आणि मग शेवट होईल. शिबिरातले एक वक्ते ए. टी. पिअर्सन हे तर ख्रिस्त लवकरच येणार असं उघड मानणारे. रॉबर्टच्या वडिलांनी 1878 मध्ये सुरू केलेलं मिशनचं मासिक त्यांच्या मृत्यूनंतर याच पिअर्सनांनी चालवलं. जर्मन अभ्यासक गुस्ताव वार्नेक यांना मात्र ही घाई पटली नाही. मिशन म्हणजे घोडदौड नव्हे, असा त्यांच्या टीकेचा रोख होता. चळवळीचे नेते जॉन मॉट यांना 1900 मध्ये पुस्तक लिहून खुलासा करावा लागला की सुवार्ता सर्वांना ऐकवायची एवढाच ब्रीदाचा अर्थ. एका पिढीत सारं जग ख्रिस्ती होईल असं नव्हे.

ती पिढी सरली, शेवट आला नाही. त्याच काळात आमच्याजवळ मिरजेत काय झालं? 1889 मध्ये हिंदुस्थानात आलेल्या डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरज संस्थानाने दिलेल्या जागेवर 1894 मध्ये हॉस्पिटल उघडलं. मिरजेचं वैद्यकीय नगर झालं त्याची सुरुवात इथली. वॉनलेसवाडीच्या क्षयरोग आरोग्यधामाने तर एका वस्तीला नावच दिलं. जग उद्या बुडणार म्हणून हातावर हात ठेवून बसलेला माणूस दगडी इमारत बांधत नाही. स्वारी येणार म्हणून रस्ता झाडणारा बांधतो.

केडगावचं उदाहरण याहून गुंतागुंतीचं. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात 1905 मध्ये मोठं आध्यात्मिक जागरण झालं. मुली रात्र-रात्र प्रार्थनेत रडत, ओरडत. बाहेरच्यांना ते वेडेपण वाटलं. जगभरच्या पेंटेकॉस्टल इतिहासात या घटनेची नोंद आहे, आणि अशा जागरणांत अंतकाळ जवळ आल्याची जाणीव तीव्र असते. पण रमाबाईंनी स्वतःची उरलेली वर्षं कशात घालवली? हिब्रू आणि ग्रीक शिकून साऱ्या बायबलचं भाषांतर करण्यात, तेही साध्या बायकांना कळेल अशा मराठीत. छापखाना मुक्तीचाच, खिळे जुळवणाऱ्या मुलीही तिथल्याच. उलटं अक्षर उचलायचं, ओळीत बसवायचं, शाईचे हात पदराला पुसायचे. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या तेव्हा भाषांतर पुरं झालं होतं. ग्रंथ 1924 मध्ये निघाला. त्याचं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण, आणि त्याच्या अखेरीस प्रभूला 'ये' म्हणून घातलेली हाक आहे.

मराठीने या श्रद्धेत स्वतःची एक गोची करून ठेवली आहे. ख्रिस्ती माणूस वारला की आपण 'ख्रिस्तवासी' लिहितो, कैलासवासी-वैकुंठवासीच्या चालीवर. म्हणजे माणूस पोचला. तीच मंडळी 'प्रभूमध्ये झोपी गेले' असंही म्हणतात. म्हणजे उठायचं बाकी आहे. धर्मपंडित दोन्हींचा मेळ घालतात, आणि घालोत बापडे. पण कबरी दुसऱ्या शब्दाच्या बाजूच्या दिसतात. पाय पूर्वेला करून पुरण्याची ख्रिस्ती रीत फार जुनी आहे. उठेल तेव्हा उगवतीकडून येणारा समोर दिसावा, हा हेतू.

वाट पाहणं या मातीला नवं नाही. पंचगंगेपलीकडे नृसिंहवाडीला नृसिंह सरस्वती बारा वर्षं राहिले आणि पादुका ठेवून गाणगापूरला गेले. भक्तांच्या लेखी ते गेलेलेच नाहीत. पंढरपूरला तर उलटाच प्रकार: तिथे देवच भक्ताची वाट पाहत विटेवर उभा. आणि ज्या कुरुंदवाडच्या काही मशिदींत गणपती बसतो, तिथल्या नमाजींच्या परंपरेतही हजरत ईसा पुन्हा येणार आहेत. ही गोष्ट आमच्याकडे फार थोड्यांना माहीत असते. मलाही चाळिशीनंतर कळली.

चर्चमध्ये दिवाळीनंतर, 30 नोव्हेंबरच्या आसपासच्या रविवारी आगमनकाळ सुरू होतो. नाताळचे चांदणीचे कंदील तोवर बाजारात आलेले असतात, त्यामुळे हा काळ म्हणजे नुसती नाताळाची तयारी असं वाटतं. पण त्याच्या पहिल्या रविवारी गोठ्यातल्या बाळाऐवजी बहुधा येणाऱ्या न्यायाधीशाविषयी वाचतात. नोहा, चोर, जातं, सगळं तिथे येतं.

पूर ओसरल्यावर सिस्टरांच्या घरी गेलो. पाणी माळ्यापर्यंत गेलं होतं. अंगणात चिखलाचा ढीग, दोरीवर रेशनकार्ड आणि पासबुकं चिमट्यांनी टांगलेली. बायबल त्यांनी खाटेवर उघडं ठेवलं होतं आणि दर पाच-दहा पानांत वर्तमानपत्राचे तुकडे घातले होते. भाजी चिरायच्या बोथट सुरीने चिकटलेली पानं एकेक सोडवत होत्या. पुस्तक पालथं पडून भिजल्यामुळे शेवटची पानं मागच्या पुठ्ठ्याला घट्ट बसली होती.

"हे निघायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "असूदे. पाठ हाय."

मग सुरी ठेवून फावडं उचललं. दारापासून रस्त्यापर्यंतचा गाळ अजून काढायचा होता.