पाणी, चकाकी आणि एक चष्मा

“साहेब, ती बघा, बोयांची झुंड,” तांडेल म्हणाले. मी बघितले. मला दिसले ते एवढेच, की वाशिष्ठीच्या खाडीवर कुणीतरी कोरा करकरीत पत्रा अंथरला आहे आणि सकाळच्या नवाचे ऊन त्यावरून उसळी घेऊन थेट माझ्या डोळ्यांत येते आहे. बोय नाही, तळ नाही, पाणीसुद्धा नाही. नुसती चकाकी.

तांडेलांनी पंच्याहत्तरी ओलांडली आहे. त्यांचा उजवा डोळा फारसा कामाचा राहिलेला नाही. तरीही कपाळावर तळहाताचा आडोसा धरून, डाव्या डोळ्याने ते पाण्यातली हालचाल टिपत होते. आणि मी, पस्तीस वर्षे बँकेत दुसऱ्यांच्या बेरजा तपासून नजर तयार झाल्याचा अभिमान बाळगणारा माणूस, शेजारी गळ धरून आंधळ्यासारखा बसलो होतो.

हे गाव मला नवे नाही. १९८९ ते १९९२ अशी तीन वर्षे मी इथल्या शाखेत होतो. निवृत्त झाल्यावर दर हिवाळ्यात आठ-पंधरा दिवस इथे येऊन गळ टाकायचा, असा नेम मी लावून घेतला. सौभाग्यवतींच्या मते या नेमात मासे मिळणे ही अट नाही, आणि आजवरचा हिशेब पाहता त्यांचे म्हणणे खोडून काढता येत नाही. पण त्या सकाळी मला वाटले, नशिबाचा दोष काढण्यापूर्वी निदान पाण्यात काय आहे ते तरी दिसायला हवे.

पहिला उपाय मी केला तो सगळेच करतात तसा. एसटी स्टँडबाहेरच्या टपरीवरून दीडशे रुपयांचा काळा चष्मा घेतला. चकाकी मंद झाली खरी. पण तिच्याबरोबर पाणी, झाडी आणि माझ्या गळाचा दोराही मंद झाला. दिव्याची वात कमी केली म्हणून पडद्यामागचे दिसू लागत नाही, तसलाच हा प्रकार. मग चिरंजीवांनी फोनवरून सांगितले, “बाबा, नुसता काळा नको, पोलराइज्ड घ्या.” शब्द ऐकलेला होता, अर्थ ठाऊक नव्हता. कर्ज मंजूर करण्यापूर्वी धंदा समजून घ्यायचा, ही जुनी सवय. म्हणून आधी वाचन केले, आणि वाचता वाचता गंमत वाटू लागली.

प्रकाशाची लहर पुढे जाताना आपल्या मार्गाला आडवी कंप पावते. सूर्याकडून येणाऱ्या प्रकाशात ही कंपने सगळ्या दिशांची असतात: उभी, आडवी, तिरपी. पण हाच प्रकाश पाण्याच्या सपाट पृष्ठभागावरून परतला की त्यात आडव्या कंपनांचा भरणा होतो. १८०८ साली मालू या फ्रेंच शास्त्रज्ञाने पॅरिसमधल्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परतणारे मावळतीचे ऊन एका स्फटिकातून पाहिले. स्फटिक फिरवला तसे ते प्रतिबिंब कमीजास्त होऊ लागले. परावर्तित प्रकाशाचे हे वेगळेपण त्याच्या लक्षात आले ते असे. त्यानंतर सव्वाशे वर्षांनी एडविन लँड या अमेरिकन तरुणाने त्याचा व्यवहारात उपयोग केला. हार्वर्डचे शिक्षण अर्धवट सोडलेल्या या गृहस्थाने १९२९ साली प्रकाश गाळणाऱ्या पातळ पापुद्र्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९३७ साली पोलरॉइड कंपनी काढली. फोटो लगेच हातात देणारा कॅमेरा पुढे आला. आधी आले ते हे गाळणारे पापुद्रे.

चष्म्यात हा पापुद्रा असा बसवतात, की उभी कंपने आत येतात आणि आडवी अडतात. कल्पनेपुरते उभ्या गजांची खिडकी डोळ्यांसमोर आणा: उभी धरलेली काठी आत सरकेल, आडवी धरलेली अडकेल. पाण्यावरची चकाकी म्हणजे बहुतांशी आडव्या काठ्यांचा भारा. तो बाहेर राहतो. पाण्याच्या पोटातून वर येणारा प्रकाश मात्र बराचसा आत येतो, आणि मासा दिसतो. काळा चष्मा सगळ्यांनाच अडवतो. हा चष्मा निवड करतो. फरक एवढाच, पण तोच सगळा फरक.

आता खरेदी. पुण्यातल्या दुकानात मुलाने माझ्यासमोर आरशासारखी काच असलेला एक चष्मा ठेवला आणि “काका, एकदम भारी” अशी ग्वाही दिली. आरशाचा मुलामा म्हणजे पोलराइज्ड नव्हे, आणि गडद रंग म्हणजेही नव्हे. मी खिशातून माझा जुना कॅल्क्युलेटर काढला. बँकेतून निवृत्त झालो तरी तो खिशातून निवृत्त झालेला नाही. त्याच्या पडद्यातही असाच पापुद्रा असतो. चष्म्यातून त्याच्याकडे बघत चष्मा हळूहळू गोल फिरवा. खरा असेल तर एका ठिकाणी पडदा काळाठिक्कर पडून आकडे नाहीसे होतात. कॅल्क्युलेटर नसेल तर दुकानातलेच दोन पोलराइज्ड चष्मे घ्या, एकाची काच दुसऱ्यासमोर धरा आणि एक काटकोनात फिरवा. दोन्हींतून मिळून अंधार झाला पाहिजे. आरशाचा चष्मा या परीक्षेत नापास झाला. मुलगा ओशाळला नाही, उलट त्याने कॅल्क्युलेटर मागून घेऊन आणखी चार चष्मे तपासले.

दुसरी गोष्ट अतिनील किरणांची. चकाकी अडवणे आणि अतिनील किरण अडवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि पहिले होते म्हणून दुसरे होईलच असे नाही. चष्म्यावर ‘यूव्ही ४००’ असे लिहिलेले पाहावे. म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे हे किरण तो अडवतो. लिहिलेल्यावर विश्वास नसेल तर बऱ्याच चष्मेवाल्यांकडे तपासायचे यंत्र असते. नुसता गडद आणि हे संरक्षण नसलेला चष्मा साध्या डोळ्यांपेक्षा वाईट ठरू शकतो. अंधार झाला म्हणून बाहुली मोठी होते, आणि नको ते किरण जास्त आत जातात. माझा दीडशे रुपयांचा चष्मा या विचाराने मी केराच्या टोपलीत टाकला.

तिसरी गोष्ट रंगाची. भर समुद्रावर, लख्ख उन्हात, राखाडी काच बरी. रंग जसेच्या तसे दिसतात. खाडीत, नदीत, उथळ आणि गढूळ पाण्यात तपकिरी किंवा तांबूस काच चांगली. तळाची वाळू आणि तिच्यावरून सरकणारी सावली वेगळी उठून दिसते. पिवळी काच पहाटेच्या आणि तिन्हीसांजेच्या मंद उजेडापुरती. मी तपकिरी घेतली.

चौथी गोष्ट, काच की प्लास्टिक? खरी काच स्वच्छ दिसते, लवकर ओरखडत नाही, पण जड असते आणि फुटू शकते. पॉलिकार्बोनेट हलके आणि फुटायला कठीण, पण ओरखडे लवकर धरते. ज्याने शिसे बांधलेला गळ झटक्याने मागे येताना पाहिला आहे, त्याने पॉलिकार्बोनेटच घ्यावे. परदेशात जिथे कायद्याने शिकारीला मुभा आहे, तिथेही चष्म्याची पहिली कसोटी हीच असते: उडालेल्या कणाने तो फुटता कामा नये. पानांवरची आणि दलदलीवरची चकाकी जाते, हा नंतरचा फायदा. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार उरली ती गोष्टींत, आणि ते योग्यच झाले. पण पाणवठ्यावरचे पक्षी पाहणाऱ्यांना हाच चष्मा तितकाच उपयोगी पडतो.

मर्यादाही सांगायला हव्यात. हा चष्मा सगळीकडे सारखा चालत नाही. पाण्यावर लंब कल्पिला तर त्याच्याशी सुमारे ५३ अंशांच्या कोनात तो सर्वांत प्रभावी. डोळे पाण्यापासून दीड मीटर उंचीवर असतील, तर समोर दोनेक मीटरवरचे पाणी सर्वांत निवळ दिसते. त्याच्या फार अलीकडे-पलीकडे चकाकी पुन्हा डोके वर काढते. सूर्याचे त्या पट्ट्यातले प्रतिबिंब छळते ते सकाळी नऊ-दहाला आणि दुपारी तीन-चारला, आणि नेमके तेव्हाच चष्मा पुरेपूर मेहनताना वसूल करून देतो. मोबाईलचा किंवा गाडीतला एखादा पडदा काळा दिसला तर घाबरू नये, मान तिरकी करावी. विमानचालकांना याच कारणासाठी असे चष्मे वापरू नका असे सांगतात. रात्री गाडी चालवताना तर कुठलाच रंगीत चष्मा नको. आणि मासा दिसला तरी तो दिसतो तिथे नसतो. पाण्यातून बाहेर येताना प्रकाश वाकतो, आणि अगदी वरून पाहिले तरी चार फुटांवरचा मासा तीन फुटांवर भासतो. ती वजाबाकी चष्मा करून देत नाही. पाग फेकणाऱ्या तांडेलांच्या हाताला ती न शिकवता येते.

दुकानातून मी दोन चष्मे घेतले. दुसरा तांडेलांसाठी. तो का, ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

१९९१ साली तांडेल शाखेत माझ्यासमोर येऊन बसले होते. होडीच्या कर्जाचे हप्ते न चुकता भरणारा खातेदार. उजव्या डोळ्यात नाकाच्या बाजूने मांसाचा तांबूस पापुद्रा वाढत होता. “टोचतं साहेब, पाण्यावर बघवत नाही. शहरात दाखवून येतो. आठशे रुपये द्या.” मी नियम सांगितला. होडीला, इंजिनाला, जाळ्यांना कर्ज. आजारपणाला या योजनेत तरतूद नाही. नियम बरोबर होता. पण पगार होऊन दोनच दिवस झाले होते आणि आठशे रुपये माझ्या ड्रॉवरमधल्या पाकिटात होते. ते काढून द्यावेत असे मला सुचले नाही, असे मी आजवर स्वतःला सांगत आलो. खरे असे, की सुचले होते. खातेदाराशी खासगी देवघेव नको, या शहाणपणाखाली मी ते झाकून टाकले.

हा पापुद्रा ऊन, वारा आणि खारे पाणी यांत जन्म घालवणाऱ्यांना अधिक होतो. अतिनील किरण हे त्याचे मोठे कारण मानतात. बुबुळावर फार पुढे सरकण्याआधी दाखवले तर त्याचा बंदोबस्त करता येतो. तांडेल डॉक्टरकडे पोचले ते चार वर्षांनी, पापुद्रा बाहुलीवर आल्यावर. शस्त्रक्रियेने मांस निघाले. खाली डाग राहिला. चष्मा असता तर हे झालेच नसते, असे कुठलाही डॉक्टर छातीठोकपणे सांगणार नाही. पण टोपी आणि चांगला चष्मा यांनी धोका कमी होतो, हे सगळेच सांगतात.

त्यांच्या कर्जाची फाईल मला अजून आठवते. होडीची लांबी, लाकूड, इंजिनाचा क्रमांक, जाळ्यांची किंमत, विम्याची मुदत. मी स्वतः धक्क्यावर जाऊन एकेक बाब तपासून सही केली होती. ज्या डोळ्यांच्या भरवशावर हप्ता येणार होता, त्यांच्यासाठी रकाना नव्हता, आणि मलाही तो कधी आठवला नाही.

यंदाच्या जानेवारीत मी तो चष्मा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो घातला आणि होडीच्या काठावरून पाण्यात पाहत राहिले. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “तळ दिसतो. कालवं दिसतात.” आणखी थोड्या वेळाने, “पण वारा दिसत नाही साहेब.” मला उमगेना. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि बोट दाखवले. पलीकडे पाण्याच्या चकाकीवर एक काळपट सुरकुती सरकत येत होती, वाऱ्याची झुळूक. तिच्यावरून त्यांना पुढच्या पाच मिनिटांचे कळते. चष्म्यात चकाकी गेली, तिच्याबरोबर ती सुरकुतीही पुसट झाली. मी जिला अडथळा समजत होतो, तिच्यावर त्यांचे निम्मे वाचन चालत होते.

“कितीला?” त्यांनी विचारले.

“चोवीसशे.”

“तेव्हा मी आठशे मागितले होते.”

“आठवतं.”

“म्हणून आणलात?”

“हो,” मी म्हणालो. दुसरे काही बोलण्यासारखे नव्हते.

त्यांनी मान हलवली. रागाने नाही, आणि माफ केल्यासारखीही नाही, नोंद घेतल्यासारखी. मग धक्क्यावर जाळे विणत बसलेल्या नातवाला हाक मारली. तो आता ट्रॉलरवर खलाशी म्हणून जातो, दहा-दहा दिवस भर समुद्रात. “हा घाल. वारा बघायचा तेव्हा काढ, एरवी घालून ऱ्हा.” पोराने चष्मा घातला, हसला, आणि काचेवर उडालेला थेंब पुसायला लुंगीचे टोक उचलले.

“लुंगीने नको!” तांडेल ओरडले. “साहेब काय सांगतात ते ऐक आधी.”

मी सांगितले. खारे पाणी वाळले की मिठाचे कण राहतात, ते घासले की काच ओरखडते. आधी गोड्या पाण्याने धुवायचा, मग मऊ फडक्याने टिपायचा. मागे दोरी बांधायची, म्हणजे वाकताना पाण्यात जाणार नाही. पोराने तिथेच जाळ्याच्या दोऱ्याचा तुकडा कापला आणि दोन्ही काड्यांना गाठी मारल्या. तांडेलांनी त्या ओढून पाहिल्या. एक सैल होती, ती सोडून त्यांनी स्वतः पुन्हा बांधली.