जुनं विमान, नवं कापड

मुळशीकडे आषाढ लागला की घराची दारं चौकटीत अडकतात. लाकूड पाणी पितं, फुगतं, आणि मग दोन महिने कुणाचं ऐकत नाही. १९३०च्या दशकातल्या लाकडी विमानांचा वैरी हाच ओलावा. त्यांतलंच एक लेपर्ड मॉथ: सांगाडा लाकूड-प्लायवूडचा, पंखांवर कापड. त्या काळी विमानाचे सांधे बहुधा दुधातल्या केसिनच्या सरसानं जोडत. ओल राहिली की त्या सरसाला बुरशी धरते आणि वरून ठणठणीत दिसणारा सांधा आतून सुटलेला असतो. म्हणून असं विमान उडतं करायचं तर आधी कापड उतरवायचं, सांधा न् सांधा तपासायचा, कुजकी पट्टी बदलायची. मग नवं कापड चढवून त्यावर डोप या रोगणाचे हात द्यायचे. डोप वाळताना आकसतो आणि कापड ढोलकीच्या पुडीसारखं ताठ होतं. रंगरंगोटी अगदी शेवटी.

इतकं बदलल्यावर जुनं उरलं काय, हा आक्षेप ठरलेला. पण विमान सेवेत असतानाही कापड आणि इंजिनाचे भाग बदलतच असतात. जुन्या भागांचा सोवळेपणा त्यानं कधी पाळलेला नाही. आणि आठवण जागवायला तेच विमान लागतं, असंही नाही. जे.आर.डी. टाटांनी १९३२ची कराची-मुंबई टपालफेरी पस मॉथमधून केली होती. तीच वाट १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८व्या वर्षी, त्यांनी पुन्हा कापली ती लेपर्ड मॉथमधून. हवाई दलाला २०१८मध्ये मिळालेल्या, ब्रिटनमध्ये दुरुस्त झालेल्या डकोटावर १९४७च्या श्रीनगर मोहिमेतल्या विमानाचा क्रमांक आहे; विमान मात्र दुसरं. क्रमांक उसना आहे, हे पाहणाऱ्यांना स्पष्ट सांगावं. त्यानं ती डकोटा खोटी ठरत नाही.

दुसरा आक्षेप, सुरक्षिततेचा, मात्र जड आहे. ऑगस्ट २०१८मध्ये स्वित्झर्लंडमध्ये १९३९चं युंकर्स-५२ कोसळलं आणि वीस जण गेले. चौकशीत वैमानिकांच्या धोकादायक उड्डाणावर ठपका आला, शिवाय विमानात गंजही आढळला. नियमित उडणाऱ्या विमानातली ही गत! तेव्हा ‘उडतंय म्हणजे तपासलं जातंच’ हा युक्तिवाद मला पुरेसा वाटत नाही. अशा विमानांत तिकीट काढून प्रवासी बसवूच नयेत, आणि जगात एकच उरलेला नमुना संग्रहालयातच राहावा. पण सगळीच तिथे ठेवली, तर सरसाचा सांधा ओळखणारा कारागीर कुठे तयार होणार? लेपर्ड मॉथ जेमतेम १३३ बनली, तिथे हात आखडता घेतलेला समजू शकतो. डकोटा दहा हजारांहून अधिक बनली. त्यातली एक आपल्या आकाशात उडती राहिलीच पाहिजे.