डीगचे जलमहाल

राजस्थानातील भरतपूरहून डीग सुमारे ३५ किलोमीटरवर आहे. सकाळी निघालेली मित्रमंडळी तेथील महाल व बागा पाहून सायंकाळी परतू शकतात. अठराव्या शतकात जाट राजे बदनसिंह व सूरजमल यांनी हे महाल उभारले. दोन तलावांच्या मध्ये चौकोनी बाग आणि तिच्याभोवती महाल, अशी ही रचना आहे.

बागेतील कारंजी त्या काळी विजेवाचून चालत. बैलांच्या साहाय्याने विहिरींतून पाणी उपसून छतावरील प्रचंड हौद भरला जाई. हौदाच्या छिद्रांतून नळांत उतरलेले पाणी स्वतःच्याच दाबाने कारंज्यांतून उसळे. छिद्रांत रंगांच्या पुरचुंड्या ठेवल्या, की रंगीत तुषार उडत. काही तासांच्या या शोभेसाठी अनेक दिवस माणसे व बैल राबत.

या राज्याशी मराठ्यांचा संबंध प्रथम वैराचा होता. १७५४ मध्ये मराठ्यांनी सूरजमलांच्या कुंभेर किल्ल्याला वेढा घातला. तरीही १७६१ मध्ये पानिपतच्या पराभवानंतर परतणाऱ्या मराठ्यांना सूरजमलांनी अन्न, वस्त्र व आश्रय दिला. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनाही त्यांच्या राज्यात आसरा मिळाला. डीगची कारंजी कारागिरांच्या कौशल्याची साक्ष देतात. हा आश्रय मात्र राजाच्या उदार मनाची साक्ष देतो.