समुद्र पाहिला नाही म्हणून काय झालं?

आमच्या यवतमाळात पाणी म्हणजे निळोणा, नाहीतर बेंबळा. त्यामुळे लेकीनं बारावीनंतर ‘मरीन इंजिनिअरिंग’ म्हटलं, तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलंच, ‘‘पोरीच्या जातीनं काहून बोटीवर जायचं बाई?’’

धास्तावले मीही. मग माहिती काढली. ४ वर्षांची बी.टेक. पदवी. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्समध्ये ६० टक्के हवेत, दहावी किंवा बारावीच्या इंग्रजीत ५०. रंगांधळेपणा नको. २००८ साली स्थापन झालेल्या इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची प्रवेश परीक्षा द्यायची. समुद्र पाहिलेला असावा, अशी अट कुठंच नाही!

शिकायचं काय, तर इंजिन, बॉयलर, पंप, जनरेटर. जिनिंगच्या मशिनी बघत वाढलेल्या पोरीला ते परकं कशाला वाटेल?

सोनाली बॅनर्जी १९९९ मध्ये कोलकात्यातून ही पदवी घेऊन देशातल्या पहिल्या महिला मरीन इंजिनिअर झाल्या. तिथल्या १५०० विद्यार्थ्यांत त्या एकट्याच मुलगी होत्या.

मैत्रिणींनो, नोकरी लागली की लेक महिनोन्‌महिने दिसणार नाही, ही धास्ती खरीच. पण ती माझी आहे. तिच्यापायी पोरीचा फॉर्म कशाला अडवायचा?