पाळणाघर, हॉस्टेल आणि इन्कम टॅक्स

दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत हॉस्टेलवर घरून एक फोन हमखास येतो, "फीची पावती पाठव, ऑफिसात द्यायची आहे." आपण पावती पाठवतो आणि विसरून जातो. तिचं पुढे काय होतं हे मला तरी माहीत नव्हतं. ते कळलं इतवारीत, काकांकडे. काका तिथल्या व्यापाऱ्यांचे हिशेब आणि रिटर्न बघतात. माझ्या फीची आणि ताईच्या मुलाच्या पाळणाघराची, अशा दोन पावत्या घेऊन मी त्यांच्यासमोर बसलो.

काका म्हणाले, "आधी पद्धत कोणती ते सांग." टॅक्स भरायच्या दोन पद्धती आहेत, जुनी आणि नवी. 2023-24 पासून आपण काही सांगितलं नाही तर नवीच धरतात. नवीत दर कमी, पण मुलांच्या खर्चाची सूट नाही. म्हणजे आपल्या पावतीला किंमत फक्त जुन्या पद्धतीत! (पुढचे आकडे आर्थिक वर्ष 2025-26 चे आहेत.)

जुन्या पद्धतीत कलम 80सी खाली दोन मुलांपर्यंतची ट्यूशन फी वजा होते. शिक्षण पूर्णवेळ हवं आणि संस्था भारतातली हवी. आई-बाबा दोघंही टॅक्स भरत असतील तर ज्याने जेवढी फी भरली तेवढी त्याने दाखवायची. डेव्हलपमेंट फी, डोनेशन, हॉस्टेल, मेस यातलं काहीच चालत नाही. समजा पावती 1,10,000 रुपयांची आहे आणि त्यात ट्यूशन फी 60,000, तर मोजायचे 60,000 च. शिवाय पीएफ, एलआयसी सगळं धरून 80सी ची मर्यादा 1,50,000. बाबांच्या पीएफनेच ती भरली असेल तर आपली पावती नुसतीच फाइलला!

हॉस्टेलसाठी वेगळी सोय आहे, पण फक्त नोकरदारांना आणि तीही पगारात तसा भत्ता असेल तरच. शिक्षण भत्त्यातले दर मुलामागे महिन्याला 100 रुपये आणि हॉस्टेल भत्त्यातले 300 रुपये करमुक्त, तेही दोनच मुलांपर्यंत. वर्षाचे झाले 4,800. वीस टक्क्यांच्या टप्प्यात सेस धरून वाचतात साधारण हजार रुपये. आपलं मेसचं बिल आठवा आणि हसा.

आता ताईची पावती. ती पाळणाघराला महिन्याला 4,000 देते, वर्षाचे 48,000. काकांनी पावती बघून परत दिली. "याला कुठंच जागा नाही रे." प्ले-स्कूल किंवा नर्सरीची ट्यूशन फी 80सी मध्ये चालते, पण नुसतं सांभाळण्याचे पैसे चालत नाहीत. दोन्ही एकाच ठिकाणी असेल तर पावतीवर नर्सरीची फी वेगळी लिहून घ्यावी, एवढंच करता येतं.

मला हे पटेना. खाली धान्याच्या दुकानात हमाल पोती उतरवत होते. त्यांची मजुरी दुकानदाराच्या खर्चात जाते, कारण त्याशिवाय धंदा होत नाही. मग पाळणाघराशिवाय ताईची नोकरी होते का? काका म्हणाले, "नोकरदाराला खर्च दाखवता येत नाही, त्याऐवजी सरसकट स्टँडर्ड डिडक्शन आहे." जुन्या पद्धतीत 50,000, नव्या पद्धतीत 75,000. पण ते तर घरी लहान मूल नसलेल्यालाही तेवढंच मिळतं!

अमेरिकेत फॉर्म 2441 भरून तेरा वर्षांखालच्या मुलाच्या पाळणाघराचा खर्च दाखवता येतो. एका मुलासाठी 3,000 डॉलरपर्यंतचा खर्च धरतात आणि त्याचा ठरावीक टक्का टॅक्समधून कमी होतो. अट अशी की आई-बाप दोघंही साधारणपणे कमावते हवेत आणि सांभाळणाऱ्याचं नाव, पत्ता, टॅक्स नंबर लिहायचा. म्हणजे तिथे हा खर्च कमावण्यासाठी केलेला मानतात. आपल्याकडे 2017 साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय सक्तीची झाली. पण ताईचं ऑफिस बारा माणसांचं.

घरात अपंग व्यक्ती अवलंबून असेल तर मात्र कलम 80डीडी विसरू नका. जुन्या पद्धतीत 75,000 आणि तीव्र अपंगत्व असेल तर 1,25,000 वजा होतात. खर्च कमी झाला तरी रक्कम तीच, पण सर्टिफिकेट हवं.

तर मित्रांनो, पावती घेताना ट्यूशन फीचा आकडा वेगळा लिहिलाय का ते बघा. नसेल तर खिडकीवरून हलू नका. ऑफिसात फॉर्म 12बीबी द्यायचा राहिला तरी ट्यूशन फी रिटर्नमध्ये दाखवता येते. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा आयकर कायदा आहे, त्यात 80सी चं कलम 123 झालंय. तेव्हा पुढच्या वर्षीचे आकडे बघूनच भरा.

ताईने पाळणाघराची पावती पर्समध्ये परत ठेवली. मी विचारलं, कशाला? म्हणाली, "राहू दे. कधीतरी विचारतील."